मुंगी उचलून ठेवताना

मृगाच्या सरी सुरू झाल्या की घराघरांत मुंग्यांच्या रांगा दिसू लागतात. दुकानात गुळाच्या ढेपेपाशी, स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याखाली, देव्हाऱ्याच्या उंबऱ्याशी त्या हटकून सापडतात. अशा वेळी जैन घरांत एक गोष्ट कोणी न सांगता होते. पूंजणी हलक्या हाताने फिरते, मुंग्या कागदाच्या कपट्यावर गोळा होतात आणि अंगणापलीकडे एखाद्या झाडाच्या बुंध्याशी सोडल्या जातात. जीव वाचला, पाप टळले, या समाधानाने आपण पुन्हा कामाला लागतो. त्या जीवाचे पुढे काय झाले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. पाश्चात्त्य देशांतील अभ्यासकांनी हा प्रश्न गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत अगदी निराळ्या कुतूहलाने विचारला. घरापासून दूर नेऊन सोडलेली मुंगी परत कशी येते, आणि केव्हा येऊ शकत नाही? त्यांना मिळालेली उत्तरे आपल्या अंगणापर्यंत येऊन पोहोचतात.

मुंगीकडे वळण्यापूर्वी माणसाची वाट कशी सापडते ते पाहू. जुन्नर तालुक्यात ओतूरकडून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या नगर-कल्याण रस्त्यावर मढ हे गाव आहे. जवळच पुष्पावती नदीवरील पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी पसरलेले असते, आणि आभाळाच्या कडेला डोंगरांची रेघ उमटलेली दिसते. सिंदोळ्याचा सुळका, हरिश्चंद्रगडाचा अवाढव्य पसारा, खिरेश्वरावरची तोलार खिंड. या मुलखात वाढलेल्या माणसाला दिशा विचारावी लागत नाही. तो मान वर करून डोंगरांची कड पाहतो आणि आपण कोठे आहोत ते ओळखतो. दक्षिणेस नाणेघाटाच्या बाजूला जीवधन किल्ल्याशेजारी उभा असलेला वानरलिंगी सुळका शतकानुशतके वाटसरूंना हेच सांगत आला असेल. सातवाहनांच्या काळापासून कोकणातला माल घाटावर आणि घाटावरचा माल कोकणात नेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पायांखालची ही वाट. नाणेघाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, असे परंपरा सांगते. गुजरात-मारवाडातून येऊन ओतूर, जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथे पेढ्या थाटणाऱ्या आपल्या वाडवडिलांनीही या डोंगरांच्या कडा अशाच पाठ केल्या असतील. पावसाळ्यात माळशेजवर धुके उतरले की कड पुसली जाते, आणि मग जाणता माणूसही पावलापावलाला थांबतो.

डोंगरांची कड पाहून वाट काढणे ही कला मुंगीलाही अवगत आहे. हे सिद्ध व्हायला मात्र बराच काळ जावा लागला.

मुंगी वासाने चालते, एवढे आपण सगळेच जाणतो. पुढे गेलेली मुंगी जमिनीवर गंधाचा सूक्ष्म थर ठेवते, मागून येणारी मिशांनी तो हुंगत जाते, आणि बघता बघता रांग तयार होते. रांगेवर बोट फिरवले की मुंग्या क्षणभर गोंधळतात, हे प्रत्येक मुलाने करून पाहिलेले असते. हे ज्ञान खरेच आहे. परंतु सगळ्या मुंग्या रांगेने जात नाहीत. उन्हाने तापलेल्या माळावर एकटीच भटकणारी मुंगी पाहा. जमीन इतकी तापलेली की गंध तिथे टिकणेच कठीण. ती नागमोडी फिरते, कोठेतरी मेलेला किडा सापडतो, आणि तो तोंडात धरताच ती आल्या वाटेने न जाता थेट सरळ रेषेत घराकडे धावते. ही सरळ रेषा तिला कोणी आखून दिली?

ट्युनिशियातील कैरुआन या गावी फेलिक्स सांची नावाचे एक स्विस डॉक्टर राहत असत. रुग्ण तपासून उरलेल्या वेळात ते मुंग्या पाहत. १९११ साली त्यांनी एक सोपा प्रयोग प्रसिद्ध केला. घराकडे निघालेल्या मुंगीवर येणारा सूर्यप्रकाश त्यांनी आडोशाने अडवला आणि आरशाने सूर्याचे प्रतिबिंब दुसऱ्या बाजूने तिच्यावर पाडले. मुंगी वळली आणि उलट्या दिशेने चालू लागली. म्हणजे तिने दिशा सूर्यावरून धरली होती. पुढे झुरिच विद्यापीठाचे रूडिगर वेनर यांनी त्याच ट्युनिशियात महारेस गावाजवळच्या वाळवंटात कित्येक दशके उन्हाळे काढले आणि तेथील लांब पायांच्या कॅटाग्लिफिस मुंगीचे सबंध जीवन उलगडले. ही मुंगी घरापासून शंभर मीटरांहूनही दूर जाते. तिच्या शरीराची लांबी सेंटीमीटरच्या आसपास असते, हे ध्यानात घेतले की हा प्रवास केवढा ते कळते.

दिशा सूर्याकडून कळते, पण अंतर? २००६ साली याचे उत्तर मिळाले. मॅथियास विटलिंगर, वेनर आणि हाराल्ड वोल्फ यांनी मुंग्यांना दहा मीटर लांबीच्या पन्हळीतून अन्नापर्यंत येऊ दिले. तेथे काही मुंग्यांच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून पाय लांब केले, तर काहींचे पाय छाटून आखूड केले. परतताना लांब पायांच्या मुंग्या घर ओलांडून सुमारे पंधरा मीटरांपर्यंत गेल्या. आखूड पायांच्या सहा मीटरांच्या आतच थांबून घर शोधू लागल्या. दोघींनीही पावले तेवढीच टाकली होती, फक्त पाऊल बदलले होते. मुंगी पावले मोजते, असा त्याचा अर्थ. हा प्रयोग लिहिताना आपल्या घरात वाढलेल्या माणसाची लेखणी अडखळते, हे सांगितलेच पाहिजे. एका जीवाचे पाय कापून मिळालेले ज्ञान आपण कोणत्या मनाने वाचावे? मला याचे सरळ उत्तर देता येत नाही. ते लपवून ठेवणेही मला बरे वाटले नाही. याच विषयातले कितीतरी सुंदर प्रयोग मुंगीला इजा न करता, केवळ तिच्या भोवतीच्या वस्तू हलवून झालेले आहेत, आणि या लेखाचा खरा विषय तेच प्रयोग आहेत.

डोळ्यांत साठवलेले चित्र

पावले मोजणाऱ्याची चूक साठत जाते. दहा पावलांत एका पावलाचा फरक पडला तर हजार पावलांत शंभराचा पडेल. म्हणून मुंगी हिशेबाच्या जोडीला खुणाही धरून ठेवते. वेनर आणि त्यांचे सहकारी राबर यांनी १९७९ साली घरट्याच्या दोन बाजूंना दोन काळे नळकांडे ठेवले. मुंग्यांना त्यांची सवय झाली. मग त्यांनी एका मुंगीला दूरच्या जागी तशाच दोन नळकांड्यांजवळ नेऊन सोडले. तेथे घर नव्हते, पण मुंगी बरोबर दोन्ही नळकांड्यांच्या मधोमध घर शोधू लागली. आता नळकांडी दुप्पट अंतरावर ठेवली, तर तिला मध्य सापडेना. कधी ती एका नळकांड्यापाशी शोधी, कधी दुसऱ्यापाशी. मग अंतर दुप्पट केले त्याबरोबर नळकांडीही दुप्पट मोठी ठेवली, आणि मुंगी पुन्हा मध्यावर आली. घराच्या जागेवरून ही नळकांडी जेवढी दिसत होती तेवढीच आता या जागेवरून दिसत होती. मुंगीच्या मनात नकाशा नसावा. घराच्या दारातून दिसलेले एक चित्र असावे, आणि समोरचे दृश्य त्या चित्राशी जुळेपर्यंत ती फिरत राहते.

त्याहून मनोज्ञ प्रयोग ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जजवळच्या लाल मातीत झाला. पॉल ग्रॅहम आणि केन चेंग यांनी २००९ साली तो प्रसिद्ध केला. तेथील मेलोफोरस मुंगीच्या घराभोवती गवताचे झुबके आणि झुडपे आहेत. मुंगीच्या उंचीवरून पाहिले तर ती सगळी मिळून आभाळाच्या पार्श्वभूमीवर एक खालीवर होणारी काळी रेघ तयार होते. संशोधकांनी त्या रेघेचे उंचसखल आकार मोजले आणि दुसऱ्या मोकळ्या जागी काळ्या कापडाची एक गोल भिंत उभी केली. कापडाचा वरचा काठ घराभोवतीच्या झाडांच्या कडेसारखा कापला होता. त्यात ना पाने, ना रंग, ना वास. फक्त कड. मुंगीला मध्यभागी सोडले, आणि ती त्या कापडी क्षितिजावरून घराची दिशा ठरवून चालू लागली. मढच्या शेतकऱ्याने हरिश्चंद्रगडाची आकृती कापडावर काढलेली पाहून गावाची दिशा दाखवावी, तसेच हे झाले.

मुंगीच्या डोळ्यांचे स्वरूप पाहिले की याचे रहस्य कळते. आपल्या डोळ्यात एक भिंग असते. मुंगीचा डोळा अनेक बारीक भिंगांचा बनलेला असतो. कॅटाग्लिफिसच्या एका डोळ्यात सुमारे हजार भिंगे असतात, तर घरातल्या कित्येक बारक्या मुंग्यांच्या डोळ्यांत ती थोडीच असतात. त्यामुळे तिला दिसणारे जग धूसर असते. झाडाची फांदी, पानांची शीर, माणसाचा चेहरा हे तिला दिसणार नाही. पण आभाळ कोठे संपते आणि जमीन कोठे सुरू होते, हे स्पष्ट दिसते. त्यात आणखी एक सोय आहे. आपल्याला न दिसणारे अतिनील किरण मुंगीला दिसतात. आभाळात ते भरपूर असतात. माती, खडक आणि हिरवळ ते शोषून घेतात. त्यामुळे तिच्या दृष्टीने आभाळ उजळ आणि डोंगर काळा, इतका साधा भेद होतो. अंधूक डोळ्यांना सूक्ष्म तपशिलाचा त्रास होत नाही, मोठी आकृती तेवढी उरते. वयोमानाने चष्मा लागलेल्या आजोबांना गावाच्या वेशीवरून मंदिराचे शिखर ओळखता येते, पण पायरीवरचा नातू ओळखता येत नाही, तसे काहीसे.

घनदाट जंगलात क्षितिज दिसत नाही. तेथे मुंगी वर पाहते. बर्ट ह्योल्डोब्लर यांनी १९८० साली आफ्रिकेतील पॅल्टोथायरियस मुंगीवर केलेल्या प्रयोगात असे आढळले की डोक्यावरच्या फांद्या-पानांच्या छताची नक्षी हीच तिची खूण आहे. त्या नक्षीचे छायाचित्र तिच्या डोक्यावर धरून फिरवले, तर मुंगीची दिशाही फिरते. भीमाशंकरच्या किंवा माळशेजच्या राईत चालताना आपण पायाखाली पाहतो. त्याच वेळी पायाखालची एखादी मुंगी आपल्या डोक्यावरच्या पानांकडे पाहत असेल, ही कल्पना मला मोठी मोहक वाटते.

हे चित्र ती केव्हा टिपून घेते? कामकरी मुंगी आयुष्याचा पहिला भाग घराच्या आत, अंधारात घालवते. अंडी, पिल्ले, कोठार यांची कामे करते. मग एके दिवशी बाहेर येते, पण लगेच अन्नाला जात नाही. दोन-तीन दिवस ती दाराभोवती छोटे छोटे फेरे घालते, मध्येच थांबते, स्वतःभोवती गिरकी घेते आणि घराच्या दिशेने तोंड करून क्षणभर स्थिर उभी राहते. प्रत्येक थांब्यावर घराकडची दिशा आणि तिथून दिसणारे दृश्य ती साठवते, असे अभ्यासक मानतात. दार म्हणजे वाळूतले एक छिद्र. चार बोटांवरूनही ते तिला दिसत नाही. मग घराकडे तोंड करायचे कळते कसे? ग्रीसमधील एका कॅटाग्लिफिस जातीबाबत २०१८ साली दाखवले गेले की या फेऱ्यांत ती पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार घेते. नव्या गावी दुकान टाकणारा माणूस पहिले दोन दिवस बाजारपेठ पायांखाली घालतो, कोणती गल्ली कोठे निघते ते पाहतो, आणि मग गल्ल्यावर बसतो. मुंगीची उमेदवारी याहून फारशी निराळी नाही.

एक गंमतीची गोष्ट राहिलीच. सापडलेला तुकडा फार मोठा असेल तर मुंगी तो ओढत उलटी, मागे मागे चालते. डोळे घराच्या विरुद्ध दिशेला. २०१७ साली स्पेनमधील कॅटाग्लिफिसवर झालेल्या अभ्यासात दिसले की अशी मुंगी मध्येच तुकडा खाली ठेवते, वळून पुढे डोकावते, समोरचे दृश्य पाहते, आणि दिशा चुकत असेल तर ती सुधारून पुन्हा उलटी चालू लागते. सूर्यावरून धरलेली दिशा आणि डोळ्यांत साठवलेले चित्र या दोहोंचा मेळ ती अशी घालते.

पुण्यातला जुना निरीक्षक

आपल्या जिल्ह्याचाही या विद्येशी जुना संबंध आहे. विल्यम हेन्री साइक्स हे कंपनी सरकारचे लष्करी अधिकारी. १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे होते. पुण्याभोवतीचा मुलूख त्यांनी पायांखाली घातला, आणि महसूल, पिके, पाऊस यांच्या जोडीने पक्षी व मुंग्याही टिपून ठेवल्या. १८३५ साली लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी येथील मुंग्यांच्या नव्या जातींविषयी लेख प्रसिद्ध केला. त्यात एका लहान मुंगीची हकिकत आहे. ती गवताचे बी घरात साठवते आणि पाऊस ओसरल्यावर भिजलेले बी बाहेर आणून उन्हात वाळत घालते. पुण्याच्या कवायत मैदानाजवळ त्यांना अशा बियांचे मूठमूठभर ढीग जागोजाग दिसले होते. तिचे नाव त्यांनी दूरदृष्टीची अशा अर्थाचे ठेवले. पावसाने भिजलेला माल वाळवून पुन्हा कोठीत भरणे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्यांना हे वाचून परका वाटणारा प्राणी भेटत नाही.

त्याच लेखातील मुंगळ्यांची गोष्ट पुढे अनेक ग्रंथांत गेली. साइक्स यांच्या पुण्याच्या घरी जेवणानंतरची फळे आणि गोडधोड एका लहान मेजावर ठेवीत. मेजाचे पाय पाण्याच्या वाडग्यांत बुडवलेले, मेज भिंतीपासून बोटभर दूर. तरी मुंगळे येत. पाणी ओलांडणे अशक्य केले, तेव्हा काही दिवस शांततेत गेले, आणि मग ते पुन्हा आले. एके दिवशी साइक्स यांनी पाहिले की एक मुंगळा भिंतीवर चढला, मिठाईच्या सुमारे फूटभर वर थांबला आणि तेथून खाली पडला, तो थेट मेजावर. हे बुद्धीचे लक्षण की निव्वळ योगायोग, यावर लोकांनी खूप वाद घातला. मला वाटते, त्या मुंगळ्याला श्रेय देण्याची घाई नको. परंतु वासाची सलग वाट तुटल्यावरही तो त्या जागी परत परत पोहोचत होता, एवढे त्यातून निश्चित दिसते. इंग्रजीत या मुंगळ्याला गोदामातली मुंगी असे नाव पडले आहे. आपल्या वखारीत त्याचा वावर किती जुना, ते त्यावरूनच समजावे.

आजच्या काळात भारतीय नावेही या क्षेत्रात मानाने घेतली जातात. वाट चुकलेली मुंगी घर कसे धुंडाळते, यावरचा एक मूलभूत निबंध १९८१ साली वेनर यांच्या जोडीने मंड्यम श्रीनिवासन यांनी लिहिला. वाट हरवली की मुंगी सैरावैरा धावत नाही. जिथे घर असायला हवे त्या जागेभोवती ती वळसे घेते, पुन्हा मध्यावर येते, मग थोडे मोठे वळसे घेते. दक्षिण भारतातील मुंग्यांवर सुनील कुमार यांच्यासह हस्तपुस्तिका लिहिणारे अजय नरेंद्र पुढे ऑस्ट्रेलियात गेले आणि तेथील मोठ्या डोळ्यांच्या मिरमेशिया मुंग्यांच्या वाटा त्यांनी अभ्यासल्या. कोलकात्याच्या आयसर संस्थेत सुमना अन्नगिरी आणि त्यांचे विद्यार्थी डायकामा या भारतीय मुंगीचे स्थलांतर पाहतात. घर मोडले की वाट माहीत असलेली एक मुंगी दुसरीला सोबत घेते. मागची मिशांनी पुढचीला स्पर्श करीत चालते, आणि अशा जोड्यांनी सगळे कुटुंब नव्या घरी पोहोचते.

पाठशाळेतला प्रश्न

आता वाचकांच्या मनात केव्हाचा उभा असलेला प्रश्न. पाठशाळेत आपण शिकलो की मुंगी त्रींद्रिय आहे. तिला स्पर्श, रस आणि गंध आहेत. डोळे चतुरिंद्रियांना, म्हणजे माशी, भुंगा, विंचू यांना. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात कृमी, मुंगी, भ्रमर आणि मनुष्य हा एकेका इंद्रियाने वाढणारा क्रम आहे. मग डोंगरांची कड ओळखणारी मुंगी कोठे बसवायची? एखाद्या चुणचुणीत मुलाने हा प्रश्न विचारला तर त्याला गप्प बसवू नये, असे मला वाटते. मुंग्यांच्या बहुतेक जातींना डोळे आहेत, हे भिंगातून कोणालाही दिसते. तसेच भारतातही आढळणाऱ्या डोरायलस आणि एनिक्टस या मुंग्यांच्या कामकरी मुंग्यांना डोळे नसतात, आणि घरातल्या बारीक मुंग्यांचा व्यवहार मुख्यतः गंधावरच चालतो, हेही खरे. माझ्या अल्पमतीप्रमाणे शास्त्रकारांचा उद्देश कीटकशास्त्राची सूची करणे हा नव्हता. कोणत्याही जीवाला संवेदना आहे म्हणून पाऊल जपून टाका, हे त्यांना सांगायचे होते. इतरांचे मत वेगळे असू शकेल. चातुर्मासात साधू-साध्वींसमोर हा प्रश्न ठेवण्यासारखा आहे. आपल्या पूर्वजांना सगळे विज्ञान आधीच ठाऊक होते, असा दावा करण्याचा मोह मात्र टाळावा.

तरीही एके ठिकाणी मी थांबलो. सामायिकापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या इरियावहियं सूत्रात, चालताना जीवांना दिलेल्या दुःखांची एक यादी आहे. पायाने मारणे, धुळीने झाकणे, एकत्र ढकलणे, घाबरवणे. या यादीत, प्राण घेण्याच्या अगदी आधी, जीवांना एका स्थानावरून दुसऱ्या स्थानी हलवणे याचाही उल्लेख आहे, आणि त्याचीही क्षमा मागितली आहे. लहानपणापासून म्हणत आलेल्या या ओळीकडे मी कधी नीट पाहिले नव्हते. न मारता, न दुखावता, केवळ हलवण्यात काय हिंसा असावी?

प्रयोगांचे उत्तर असे. अन्न घेऊन घराकडे निघालेल्या मुंगीला उचलून अनोळखी जागी सोडले, तर ती मूळ हिशेबाप्रमाणे तेवढेच अंतर, त्याच दिशेला चालते आणि घर नसलेल्या जागी घर शोधू लागते. घराच्या दाराशी पोहोचलेल्या मुंगीला उचलले, तर तिचा हिशेब शून्यावर आलेला असतो. तिच्याजवळ चालण्याची दिशाच उरत नाही, आणि ती वळसे घालीत राहते. परिसर ओळखीचा असेल तर दोघीही वाचतात. नरेंद्र यांच्या मिरमेशिया मुंग्यांना घरापासून काही मीटरांवर, त्या पूर्वी कधी न गेलेल्या बाजूलाही सोडले, तरी त्या थांबून चारी बाजू पाहत आणि घराकडे वळत, कारण तेथून दिसणारी झाडांची कड त्यांच्या आठवणीतल्या कडेशी पुरेशी जुळत असे. खूप दूर, वेगळ्या दृश्यात नेले की हे संपते. आणि वाटेत दुसरे वारूळ लागले तर तेथे तिला आसरा मिळेल असे नाही. प्रत्येक घराच्या मुंग्यांच्या अंगावर त्या घराचा गंध असतो, आणि परका गंध बहुधा वैराचा ठरतो.

म्हणून पूंजणीने उचललेली मुंगी कोठे सोडावी याला महत्त्व आहे. चौकापलीकडच्या वडाखाली नेऊन सोडणे सोयीचे असते, आपल्याला बरेही वाटते, पण त्या मुंगीसाठी तो वड म्हणजे परमुलूख. ज्या फटीतून किंवा ज्या भिंतीच्या कडेने रांग आली, तिच्याच शेजारी, वावभर अंतराच्या आत सोडावी. त्याहून बरे म्हणजे मुंगीऐवजी साखरेचा कण हलवावा. अन्न नाहीसे झाले की रांग आपण होऊन ओसरते, आणि प्रत्येकजण आपल्या पायांनी घरी जाते. ओल्या फडक्याने वास पुसला तर बारीक मुंग्यांचा मार्ग तुटतो, तेव्हा आधी त्यांना परत जाऊ द्यावे, मग फडके फिरवावे. मुंग्यांना पीठ-साखर घालणाऱ्या घरांनी जागा वारंवार बदलू नये. युरोपातील काळ्या बागमुंगीवर २०११ साली झालेल्या प्रयोगांत दिसले की एकदा जागा लक्षात राहिली की मुंगी दुसरीकडे जाणाऱ्या ताज्या गंधापेक्षा आपल्या आठवणीवर अधिक विसंबते. काल जेथे पीठ मिळाले तेथे ती आजही येणार.

मुंगीला हलवले तर ती हरवते. मुंगीला जागेवर ठेवून तिच्या खुणाच हलवल्या तर? ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे मिरमेशिया मुंग्यांची एक जात संध्याकाळी घरातून निघून ठरावीक झाडावर चढते आणि अंधारात परतते. तिच्या वाटेच्या परिसरातील तीन झाडे तोडली गेली. घर तेथेच, अन्नाचे झाड तेथेच, वाटही तीच, बदलली ती फक्त आभाळाची कड. नरेंद्र आणि फिओरेला रामिरेझ-एस्किवेल यांनी २०१७ साली नोंदवले की त्यानंतर कित्येक रात्री कमी मुंग्या बाहेर पडल्या, आणि पडल्या त्यांना वाट काढायला जास्त वेळ लागला. रस्ता रुंद करताना, दुकानापुढे पत्रा टाकताना, अंगणातला शेवगा तोडताना आपण मुंगीचा विचार करीत नाही, आणि करणे शक्यही नसेल. पण एका झाडाबरोबर पायांखालच्या कितीजणींचे क्षितिज जाते, ते या नोंदीवरून कळते.

आणि ज्यांच्या नशिबी खूणच नसते, त्या काय करतात? ट्युनिशियातील मिठागरांची जमीन चहूकडे सपाट असते. ना झुडूप, ना दगड. येना येथील मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केले की या मिठागरांच्या मध्यभागी राहणाऱ्या मुंग्या दारावर मातीचा उंच ढीग रचतात, तर झुडपे असलेल्या काठावरच्या मुंग्यांचे ढीग बुटके असतात किंवा नसतातच. संशोधकांनी मध्यभागातले ढीग काढून टाकले, तेव्हा पुष्कळ मुंग्या वाट चुकल्या, आणि घरातल्या मुंग्या लगेच नवा ढीग रचू लागल्या. काही घरट्यांजवळ त्यांनी काळी नळकांडी उभी करून ठेवली. त्या घरट्यांच्या मुंग्यांनी ढीग पुन्हा रचण्याचे श्रम फारसे घेतले नाहीत.